पाडव्याच्या संध्याकाळचे दिवे

आकाशात दिसलेली जी वस्तू किंवा जो उजेड पाहणाऱ्याला ओळखता येत नाही, त्याला अज्ञात उडती वस्तू म्हणतात. या व्याख्येत परग्रहाचा उल्लेखही नाही. तरी गेल्या पाऊणशे वर्षांत अशा दर्शनांभोवती परग्रहवासीयांच्या कथांचे मोठे भांडार जमले आहे. या विषयात तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात: आकाशात खरोखर काय घडले, पाहणाऱ्याला काय दिसले, आणि पुढे त्याची कथा कशी झाली. एकाच घटनेत या तिन्हींचा माग काढता यावा अशी संधी क्वचित मिळते. चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ साली ती मिळाली.

त्या वर्षी २ एप्रिलला गुढीपाडवा होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, सणाच्या संध्याकाळमुळे माणसे अंगणात आणि रस्त्यावर होती. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून तेजस्वी ठिपक्यांची एक रांग आकाशातून सरकत आली. प्रत्येक ठिपक्यामागे शेपटी होती, आणि सगळे ठिपके एकमेकांतील अंतर राखून संथपणे पुढे जात होते. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर असा महाराष्ट्राचा मोठा पट्टा आणि मध्य प्रदेशातील झाबुआ, बडवानीसारखे जिल्हे इतक्या विस्तृत प्रदेशातून लोकांनी ते पाहिले आणि मोबाइलवर टिपले. उल्कावर्षाव, क्षेपणास्त्र, पेटलेले विमान, उडती तबकडी, असे सगळे अंदाज पहिल्या तासाभरात फिरू लागले. त्याच सुमारास सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात मोकळ्या जागेत आकाशातून एक धातूचे कडे पडले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. पवनपार गावाजवळ फूट-दीड फूट व्यासाचा एक गोळा सापडला, आणि पुढच्या दिवसांत परिसरातील आणखी गावांतून तसेच गोळे मिळाले. कोणाला इजा झाली नाही. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, आणि नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी चंद्रपूरला येऊन त्यांची पाहणी केली.

पहिला संशय गेला तो न्यूझीलंडमधून त्याच संध्याकाळी सुटलेल्या एका लहान रॉकेटवर. वेळ जुळत होती, म्हणून तर्क आकर्षक होता. पण ते इलेक्ट्रॉन जातीचे रॉकेट जेमतेम सव्वा मीटर जाडीचे असते, आणि लाडबोरीचे कडे तीन मीटरचे होते. दुसरीकडे, अवकाशातील वस्तूंच्या कक्षांवर लक्ष ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी एका चिनी रॉकेटाकडे बोट दाखवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या लाँग मार्च ३बी या रॉकेटाचा तिसरा टप्पा, क्रमांक वाय ७७, वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमका त्या संध्याकाळी तो खाली येणे अपेक्षित होते. या रॉकेटाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटरच आहे. गोळ्यांचेही कोडे राहिले नाही. इंधनाच्या टाक्यांवर दाब ठेवण्यासाठी रॉकेटात वायूच्या गोल कुप्या बसवलेल्या असतात. आतून पोकळ, आकाराने गोल आणि उच्च तापमान सोसणाऱ्या धातूच्या किंवा तंतूंच्या वेष्टनाच्या या कुप्या वातावरणातून येताना लवकर मंदावतात आणि पुष्कळदा जमिनीपर्यंत शाबूत पोहोचतात. पुढच्याच महिन्यात, १२ मे २०२२ रोजी, गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांत असेच गोळे पडले, आणि त्यांचेही मूळ चिनी रॉकेटाच्या अवशेषांतच शोधले गेले.

उल्का आणि असा परतणारा अवशेष यांतला फरक साध्या डोळ्यांनाही करता येतो. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटाचा टप्पा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने, जवळजवळ आडवा, वातावरणात शिरतो. तो जळत आणि तुटत जातो, तुकडे एकाच वाटेने मागेपुढे धावतात, आणि हा देखावा एक-दोन मिनिटे टिकतो. म्हणून त्या रात्री दिसली ती रांग होती, आणि तिची चाल शिस्तीत असल्यासारखी भासली.

अशा घटनेत पाहणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत अंतराबाबत होते. हे तुकडे पेटतात ते ८० किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू सपाट प्रदेशातून हजार किलोमीटर दुरूनही क्षितिजावर दिसू शकते. उदाहरणार्थ, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू हे ठिकाण सिंदेवाहीपासून सरळ रेषेत सुमारे ६७५ किलोमीटर उत्तरेला आहे. सिंदेवाहीच्या माथ्यावर ८० किलोमीटर उंचीवर पेटलेला तुकडा कंपूतील एखाद्या गच्चीवरून, वाटेत घर, टेकडी की धूळ नसेल तर, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम चार अंशांवर असेल. हात लांब करून धरलेल्या मुठीच्या निम्मीही ही उंची नाही. तेथून पाहणारा माणूस शपथेवर सांगेल की उजेड शहराच्या पलीकडच्या शेतात उतरला. अकोल्याचा माणूसही तेच सांगेल आणि नागपूरचाही. रात्रीच्या आकाशात एकट्या दिव्याचे अंतर, आकार किंवा खरा वेग ठरवण्याचे साधन माणसाच्या डोळ्यांजवळ नाही. मेंदू अंतराचा अंदाज आधी बांधतो आणि त्यावरून आकार व वेग काढतो, त्यामुळे पहिला अंदाज चुकला की पुढचे सगळेच चुकते. साक्षीदार खोटे बोलत नसतो, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे. त्याची दिशा, वेळ आणि रंग बहुतेकदा बरोबर असतात. चुकते ते अंतर, आणि अंतरावर बेतलेले सर्व काही.

याचा चांगला पुरावा ५० वर्षांहून जुना आहे. ३ मार्च १९६८ रोजी सोव्हिएत झोंड ४ मोहिमेतील रॉकेटाचे अवशेष अमेरिकेच्या पूर्व भागावरून जळत गेले. पाडव्यासारखीच रांग, तशीच संथ चाल. हवाई दलाकडे आलेल्या पत्रांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसले की बहुसंख्य लोकांनी दिव्यांचे वर्णन बरेच अचूक केले होते. पण काहींनी दिव्यांना जोडणारे एक लांबट काळे शरीर पाहिले, त्याला उजेडाच्या चौकोनी खिडक्या पाहिल्या, आणि ते झाडांच्या थोडे वरून गेल्याचे लिहिले. प्रत्यक्षात दिव्यांच्या मध्ये रिकामे आकाश होते. सारख्या अंतराने, सारख्या वेगाने जाणारे दिवे दिसले की मन त्यांच्यामध्ये एक वाहन घालते. खिडक्या असलेले यान अशा रीतीने, कोणीही लबाडी न करता, साक्षीत येते.

रॉकेटाचे अवशेष हे अशा दर्शनांच्या अनेक कारणांपैकी एक. ग्वाल्हेरसारख्या शहरात इतर कारणे रोजची आहेत. शहराच्या ईशान्येला महाराजपुऱ्याचा हवाई तळ आहे. १९८५पासून मिराज २००० विमानांचा तो तळ असून २६ फेब्रुवारी २०१९च्या रात्री बालाकोटकडे गेलेली मिराज विमाने तेथूनच निघाली होती. पाहणाऱ्याच्या रोखाने उतरत येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा कित्येक मिनिटे एका जागी स्थिर, अतिशय प्रखर दिसतो, आवाज पोहोचत नाही, आणि विमान वळताच दिवा एकदम नाहीसा होतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कित्येक तबकडीकथा याच तीन लक्षणांवर उभ्या राहिलेल्या सापडतात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला शुक्र, आणि दोन्ही वेळा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा सहा मिनिटांचा फेरा दिसू शकतो. २०१९पासून स्टारलिंक उपग्रहांच्या ताज्या तुकड्या मोत्यांच्या सरासारख्या जाताना दिसतात. लग्नसराईत सोडलेले कागदी दिवे वाऱ्याबरोबर झुंडीने वाहतात. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था संशोधनासाठी प्रचंड फुगे सोडते आणि त्यांची उपकरणे हवाई छत्रीने तेलंगणा, कर्नाटक, महाराष्ट्रातील शिवारांत उतरतात. संस्था दर हंगामात तसे जाहीर करते, तरी पांढरे कापड आणि तारा पाहून गावे हादरतात.

भारतात या विषयातील सर्वांत शिकण्यासारखा तपास लडाखमध्ये झाला. २०१२च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग चौकीतील भारत-तिबेट सीमा पोलिसांनी क्षितिजावरून वर येणारे पिवळसर गोळे कळवायला सुरुवात केली. ते चीनच्या बाजूने उगवत, तीन ते पाच तास आकाश ओलांडत आणि मावळत. दोन-अडीच महिन्यांत शंभरावर नोंदी झाल्या. लष्कराने फिरते रडार आणि वर्णपट विश्लेषक आणून बसवले. डोळ्यांना दिसणारी वस्तू रडारला दिसेना, म्हणून गूढ वाढले. पुढे पहारेकऱ्यांच्या नोंदी ३२९वर गेल्या, आणि त्यांतील १५५ वेळा वस्तू ताबारेषेच्या अलीकडे आल्याचे लिहिले गेले. ही चिनी हेरगिरीची ड्रोन असावीत, हा संशय स्वाभाविक होता, आणि त्या सीमेवर असा संशय चुकीने खरा मानला गेला असता तर परिणाम गंभीर झाले असते.

मग बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले गेले. या संस्थेची दुर्बीण लडाखमध्येच हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. शास्त्रज्ञांनी एकच प्रश्न पुढे ठेवला: ही वस्तू जमिनीच्या संदर्भात हलते की ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर आहे? त्यासाठी जवानांना वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची पद्धतशीरपणे टिपायला सांगितले गेले. आकडे आले तसा उलगडा झाला. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास उगवून पहाटेपर्यंत राही. ती गुरू होता, जो डिसेंबर २०१२मध्ये सूर्याच्या बरोबर समोर असल्याने रात्रभर आकाशात होता. दुसरी पहाटे चारला उगवून दिवस वर आल्यावरही दिसत राही. ती पहाटतारा झालेला शुक्र होता. उंचावरील विरळ, कोरड्या हवेत ग्रह मैदानापेक्षा फार तेजस्वी दिसतात, आणि दुर्बिणीतून रोखून पाहताना एकटा ठिपका जागचा हलल्याचा भास होतो. रडारला ते दिसले नाहीत याचे कारणही आता साधे होते: ते कोट्यवधी किलोमीटर दूर होते. प्रशिक्षित, जागरूक, प्रामाणिक माणसांनी महिनोन्‌महिने दोन ग्रहांवर पहारा ठेवला. या तपासाचे मोल जवानांना चुकीचे ठरवण्यात मुळीच नाही. त्यांनी नोंद ठेवली म्हणूनच उत्तर मिळाले.

प्रत्येक प्रकरण असे मिटत नाही. २७ सप्टेंबर २००४ रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती भागात समुद्रटापू हिमनदीच्या परिसरात इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राचे एक पथक अनिल कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली काम करत होते. सकाळी त्यांना दरीतून चालत येणारी, सुमारे चार फूट उंचीची, यंत्रमानवासारखी पांढरट आकृती दिसली. ती जवळ आली, मग वर उचलली गेली आणि दिसेनाशी झाली. सारा प्रकार सुमारे ४० मिनिटे चालला, आणि शास्त्रज्ञांसह १४ जणांनी तो पाहिला. त्यांनी छायाचित्रेही घेतली. कुलकर्णी यांनी पुढे जे केले ते कोणत्याही तपासकाने करावे असेच होते: त्यांनी प्रत्येकाची साक्ष वेगवेगळी घेतली आणि अहवाल लिहून वरिष्ठांकडे पाठवला. साक्षीदार आपापसात बोलण्याआधी त्यांची साक्ष नोंदवणे फार महत्त्वाचे, कारण एकत्र बोलल्यावर स्मृती एकमेकींशी जुळवून घेतात आणि नंतर त्यांना वेगळे करता येत नाही. अनुत्तरित राहिलेले प्रकरण म्हणजे परग्रहाचा पुरावा नव्हे. पण सुबक नोंद असलेले अनुत्तरित प्रकरण, नोंद नसलेल्या शंभर उत्तरांपेक्षा मोलाचे असते.

जगातील मोठ्या तपासांचे आकडे याच बाजूने बोलतात. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पाने १९६९पर्यंत १२,६१८ प्रकरणे तपासली, त्यांतील ७०१ ओळखता आली नाहीत. फ्रान्समध्ये १९७७पासून हे काम राष्ट्रीय अवकाश संस्थेकडे आहे आणि तेथे प्रकरणांचे चार वर्ग करतात. त्यांत माहिती अपुरी असल्याने उत्तर न देता येणे आणि भरपूर माहिती असूनही उत्तर न सापडणे हे दोन वेगळे वर्ग आहेत. ही विभागणी फार शहाणपणाची आहे, कारण लोकचर्चेत हे दोन्ही एकाच टोपलीत टाकले जातात. दुसऱ्या प्रकारची प्रकरणे थोडेच टक्के निघतात. सप्टेंबर २०२३मध्ये नासाने नेमलेल्या समितीलाही परग्रहाशी संबंध दाखवणारा पुरावा आढळला नाही. तिचा मुख्य आग्रह चांगल्या प्रतीच्या मोजमापांचा आणि पाहणाऱ्यांची हेटाळणी थांबवण्याचा होता.

येथून विषय खगोलशास्त्राच्या हद्दीबाहेर जातो. उत्तर मिळाले तरी कथा थांबत नाही, आणि तिची वाढ कशी होते हे स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या अमेरिकी वैमानिकाने रेनियर पर्वताजवळ नऊ वस्तू पाहिल्या. त्याने त्यांच्या चालीची तुलना पाण्यावरून टप्पे घेत जाणाऱ्या बशीशी केली. वर्तमानपत्रांनी चालीचे वर्णन आकाराला लावले, आणि त्यानंतर लोकांना खरोखर बशीच्या आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. बातमी आधी आणि दर्शन नंतर, असा क्रम येथे उघड दिसतो. चार वर्षांत ही लाट भारतात पोहोचली. १५ मार्च १९५१ रोजी दिल्ली फ्लाइंग क्लबच्या पंचवीसेक जणांनी चिरुटाच्या आकाराची चकाकती वस्तू पाहिल्याची नोंद आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५८मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांनी वस्तू खऱ्या की खोट्या या वादात न पडता, अणुयुद्धाच्या भयाखालचा समाज आकाशाकडे काय म्हणून पाहतो, हा प्रश्न धरला.

लोकसाहित्याचे अभ्यासक माणसाने स्वतः अनुभवलेले सांगणे आणि दुसऱ्याकडून ऐकलेले सांगणे यांत भेद करतात. आपबीतीत तपशील ओबडधोबड असतात, मध्येच संपतात, त्यांना अर्थ नसतो. ऐकीव कथेत मात्र आरंभ, भय आणि शेवट येतो, गावाचे नाव बदलते, साक्षीदार कोणाचा तरी मेहुणा होतो, सरकारने वस्तू रातोरात नेल्याचा तपशील हटकून जोडला जातो. चंद्रपूरला पोलिसांनी वस्तू ठाण्यात नेऊन ठेवणे ही साधी कार्यपद्धती होती. पण अमेरिकेतील रॉझवेलच्या तबकडीकथेपासून आजवरच्या कथांत ‘नेऊन लपवले’ हा धागा इतका पक्का आहे की कोणतीही जप्ती त्यात आपोआप ओवली जाते.

कथेला साचा पुरवतो तो त्या त्या प्रदेशाचा जुना साठा. कोकणात आणि गोव्यात अमावास्येच्या रात्री डोंगरउतारावरून सरकणारी दिव्यांची रांग म्हणजे वेताळाची पालखी. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात रात्री माणसाच्या मागे येणारा, जवळ जावे तर दूर सरणारा उजेड म्हणजे चीर बत्ती. मराठी मुलखात माळावर रात्रभर त्याच जागी फिरत राहिलेला माणूस चकव्यात सापडलेला असतो, आणि उजाडल्यावर त्याला मधल्या वेळाचा हिशोब देता येत नाही. आता १९६१ सालचे अमेरिकेतील बेटी आणि बार्नी हिल या दांपत्याचे प्रकरण पाहावे. रात्रीचा प्रवास, पाठलाग करणारा उजेड, घरी पोहोचल्यावर ध्यानात आलेले दोन तासांचा हिशोब न लागणे, आणि पुढे संमोहनाखाली निघालेली अपहरणाची हकिगत. उजेड, भ्रमलेली वाट आणि हरवलेला वेळ ही तीन अंगे चकव्यातही आहेत. फरक एवढाच की हिल दांपत्याच्या हकिगतीत पळवून नेणारे वेताळाचे गण नव्हते, यानातले डॉक्टर होते. फ्रेंच संशोधक जॅक व्हाले यांनी १९६९मध्ये युरोपातील परीकथा आणि तबकडीकथा शेजारी ठेवून हेच साम्य दाखवले होते. मराठी सामग्रीवर असे काम सविस्तर व्हायला हवे, कारण येथे जुना साठा अजून जिवंत माणसांच्या तोंडी आहे.

साचे मिसळतात ते कसे, हे उत्तर भारतातील दोन लाटांनी दाखवले. मे २००१मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीत ‘काळ्या माकडा’ची भीती पसरली. कडक उन्हाळा, वीज गेलेली, वस्त्या गच्चीवर झोपलेल्या. वर्णनात केसाळ वानर होते, पण डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर बटणे आणि हातांना धातूची नखेही होती. जुना वानर आणि नवे यंत्र एकाच अंगावर आले. पोलिसांनी चित्र प्रसिद्ध केले तेव्हा भीती आणखी वाढली. अंधारात घाबरून गच्चीवरून उड्या मारताना माणसे मेली. तपासाअंती मानसोपचार आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी हा सामूहिक भीतीचा प्रकार ठरवला. पुढच्या वर्षी, २००२च्या जुलै-ऑगस्टमध्ये, मिर्झापूर, सीतापूर, लखनौ या भागांत ‘मुंहनोचवा’ आला. रात्री उडत येणारा लाल-निळा उजेड तोंड ओरबाडून जातो, अशी ती कथा. त्या जुलैत पावसाने देशभर दडी मारली होती, वीज नव्हती, गावे रात्री जागता पहारा देत होती. कोणी तो किडा म्हटला, कोणी परदेशी शत्रूचे यंत्र, कोणी परग्रहाचे यान. आयआयटी कानपूरमधून चेंडूसारख्या विजेची शक्यता मांडली गेली. संतप्त जमाव पोलीस ठाण्यांवर चालून गेला आणि एका ठिकाणी पोलिसांनी गोळीबार केला. जखमा खऱ्या होत्या, त्या किड्याच्या चाव्याच्या, झोपेत खाजवल्याच्या, पळापळीतल्या. कथेने त्यांना एकच कर्ता दिला.

या दोन लाटांच्या शेजारी चंद्रपूर ठेवले की एक मोठा फरक दिसतो. तेथे भीती हिंसेकडे वळली नाही. वस्तू हातात आली होती, ती लोकांना पाहता आली होती, जिल्हा प्रशासन त्याच रात्री बोलले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चिनी रॉकेटाचे नाव पुढे आले. मुंहनोचव्याच्या वेळी हाताशी काहीच नव्हते, आणि उत्तर यायला आठवडे लागले. त्या रिकाम्या आठवड्यांतच कथा पक्की झाली. १९७९च्या जुलैत अमेरिकेचे स्कायलॅब अवकाश स्थानक पडणार म्हणून भारतभर उडालेली घबराटही अशाच रिकाम्या वेळेत वाढली. ते ७७ टनांचे स्थानक अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळले, पण कुठे पडेल हे शेवटच्या तासांपर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते.

तपासाची व्यवस्था आता पूर्वीपेक्षा बरी आहे. अवकाशातील कचऱ्यावर नजर ठेवण्यासाठी इस्रोने बंगळूर येथे जुलै २०२२मध्ये स्वतंत्र केंद्र सुरू केले. २०२३च्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर वाहून आलेले तांबूस नळकांडे भारताच्याच पीएसएलव्ही रॉकेटाचा तिसरा टप्पा असल्याचे ठरले, म्हणजे दुसऱ्याच्या किनाऱ्यावरील गूढ वस्तू आता भारतीयही असू शकते. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणारा देश भरपाईस बांधील असतो, म्हणून सापडलेला तुकडा विकला न जाणे, फोडला न जाणे आणि पोलिसांकडे जाणे याला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ आहे. शिवाय त्यात घातक इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. हवाई हद्दीतील अनोळखी वस्तूंचे काम मात्र हवाई दलाकडे राहते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यावर हवाई वाहतूक काही तास थांबवली गेली आणि राफेल विमाने शोधाला पाठवली गेली. वस्तू पुन्हा दिसली नाही.

पाहणाऱ्याकडून तपासकाला हवे असते ते थोडके: घड्याळातील नेमकी वेळ, दिसू लागल्याची आणि नाहीसे झाल्याची दिशा, मुठींनी मोजलेली क्षितिजापासूनची उंची, किती वेळ दिसले, आणि चित्रफितीत एखादे झाड किंवा छत आलेले असणे. यांवरून विमान, उपग्रह, ग्रह, फुगा की रॉकेटाचा अवशेष हे बहुधा काही तासांत ठरते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला लागते ते वेगळे. त्याला माणसाने पहिल्या रात्री वापरलेले शब्द हवेत, आणि तीच हकिगत वर्षाने, पाच वर्षांनी कशी सांगितली जाते तेही. लाडबोरीचे कडे तपासले गेले, पण पाडव्याच्या त्या संध्याकाळच्या हकिगती सिंदेवाहीच्या गावांतून अजून गोळा करता येतील, आणि ते दिवे पाहणारी माणसे आज सांगायला आहेत.